चाकोरीबाहेरची चाके

चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो. त्यात चाक दडलेले आहे हे मात्र विसरून जातो. बैलगाडीच्या लोखंडी धावेने मातीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे कोरलेल्या दोन समांतर घळी म्हणजे चाकोरी. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत पावसाळा सरला की ही चाकोरी वाळून दगडासारखी टणक होई आणि पुढच्या प्रत्येक गाडीला त्याच घळीतून जाणे भाग पडे. ज्याच्या गाडीच्या दोन चाकांमधले अंतर इतरांपेक्षा चार बोटे अधिक, त्याचे एक चाक घळीत आणि दुसरे काठावर. गाडी तिरकी, बैल हैराण, आस कुरकुरणारी. गाडी जोडणाऱ्या सुताराला म्हणूनच माप सोडून चालत नसे. रुंदी ही हौसेची बाब नव्हती; ती रस्त्याशी, ओढणाऱ्या जनावराशी आणि भरलेल्या मालाशी केलेली तडजोड होती.

आज रस्ते डांबरी आणि सिमेंटचे झाले. चाकोरी बुजली आणि तिच्याबरोबर मापाचा तो धाकही गेला. रामनवमीला वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीकडे निघालेल्या गाड्यांची रांग पाहावी. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातून बंजारा समाजाची कुटुंबे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला येतात. त्यात एसटी असते, टेम्पो असतात, जीप असतात आणि अलीकडे मोठ्या संख्येने घरच्या मोटारी असतात. आजीच्या मांडीवर नातू, पायाशी पाण्याचा कॅन, मागे स्वयंपाकाची भांडी. आणि या घरगुती गाड्यांपैकी काहींना मूळच्या चाकांऐवजी मडगार्डच्या बाहेर डोकावणारी, चकचकीत अलॉयची रुंद चाके बसवलेली असतात. हे चित्र केवळ पोहरादेवीचे नाही. पंढरपूर, शेगाव, तुळजापूर, जिथे माणसे कुटुंबासह गाडीने जातात तिथे ते दिसते.

या रुंद चाकांना नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या घरात गेल्या पिढीपर्यंत सायकल हीच चैन होती, त्या घरातल्या मुलाने पहिल्या गाडीला नटवावे यात वावगे काय? बैलाच्या शिंगांना बेगड लावणारी, पोळ्याला झूल चढवणारी आपली माणसे, गाडी नटवणारच. हौसेला मोल नसते म्हणतात. मोल नसेल, माप मात्र असते. आणि गोम आहे ती तिथेच. नवे चाक बसवून गाडी दुकानातून निघते तेव्हा ती रिकामी असते, रस्ता सपाट असतो, स्टिअरिंग सरळ असते. चाक कुठेही घासत नाही. ते घासते ते नंतर, पाच-सहा माणसे बसल्यावर, गतिरोधकावर, वळणावर. म्हणजे नेमके यात्रेच्या दिवशी.

बिनचाकी महामार्ग

पोहरादेवीच्या संदर्भात चाकांचा विचार करताना एक गंमतीची गोष्ट ध्यानात येते. ज्या समाजाची ही काशी, त्या समाजाने शतकानुशतके भारतभर मालवाहतूक केली ती चाकाशिवाय. बंजाऱ्यांचे तांडे म्हणजे पाठीवर गोणी लादलेल्या बैलांचे चालते बाजार. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. धान्य, तांदूळ, मीठ असा माल लादून हे बैल चालत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला की प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे.

गाडी न घेता बैलाच्या पाठीवर माल का? कारण त्या काळी गाडीला योग्य असा रस्ता थोडा आणि डोंगर, नाले, चिखल फार. गाडी जिथे रुतेल तिथून लादलेला बैल वाट काढी. पण त्यालाही एक शास्त्र होते. दोन्ही बाजूंची गोण समतोल हवी. एका अंगाला भार कलला की गोण सरकायची, बैलाच्या पाठीवर घासायची, कातडे सोलवटायचे आणि हजार कोसांचा प्रवास करायचा बैल दहा कोसांत बसायचा. घासणे हा वाहतुकीचा सनातन शत्रू आहे. मग ते गोणीने पाठीला घासणे असो की टायरने मडगार्डला.

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला. रेल्वे आणि पक्क्या सडकांनी तांड्याचा व्यापार मोडला. त्यावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांच्या कपाळी शिक्का मारला, तो पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. वाहतूकच ज्यांचा धंदा होता त्यांना चाकांनी एकदा रस्त्यावर आणले, हे विसरता येत नाही. आज त्याच समाजाच्या मुलांच्या दारात स्वतःची चारचाकी उभी राहते तेव्हा तिच्या चाकांविषयीचा अभिमान समजण्यासारखा आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पोहरादेवीला नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून तिथे येणाऱ्यांना आणखी एक कारण मिळाले आहे. गाड्या वाढणार, चाकेही रुंदावणार. म्हणूनच त्यांचे गणित घराघरात कळलेले बरे.

टायरवरची अक्षरे

गणित अवघड नाही. टायरच्या कुशीवर ते छापलेलेच असते. आपण वाचत नाही एवढेच. समजा तिथे १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या कुशीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा भाराचा आकडा. त्याचा अर्थ एका टायरने जास्तीत जास्त ५६० किलो तोलावेत. एच हे वेगाचे अक्षर, ताशी २१० किलोमीटरपर्यंतचे.

आता यावरून चाकाची एकूण उंची काढता येते. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, वर आणि खाली मिळून २४०. एकूण साधारण ६२१. हा आकडा महत्त्वाचा. चाक रुंद करा, रिम मोठी करा, पण ही उंची फारशी बदलता कामा नये. जाणकार ३ टक्क्यांची मर्यादा सांगतात, आणि तीही वरच्या टोकाची. कारण गाडीचा वेगमापक, ब्रेकची यंत्रणा, गिअरचे प्रमाण हे सारे मूळ चाकाच्या घेरावर बेतलेले असते.

उदाहरणेच घेऊ. याच गाडीला २०५/५५ आर १६ बसवला तर उंची होते ६३२. वाढ पावणेदोन टक्क्यांच्या आत. १९५/६० आर १५ बसवला तर ६१५. एक टक्का कमी. दोन्ही उंचीच्या हिशेबात बसतात. पण कोणी दुकानदार म्हणाला, 'रिम तीच ठेवा, फक्त टायर २०५/६५ टाका, गाडी भरदार दिसेल', तर उंची ६४७ वर जाते. वाढ ४ टक्क्यांहून अधिक. काटा १०० दाखवील तेव्हा चाके आधीपेक्षा ४ टक्के अधिक धावत असतील, आणि टायरचा माथा मडगार्डच्या छताला १३ मिलिमीटर जवळ गेलेला असेल. रुंदी वाढवताना कुशीची टक्केवारी कमी करायची असते, ही साधी गोष्ट इथे सुटते.

कंपन्या स्वतः हे कसे करतात ते पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये आलेल्या मारुती स्विफ्टच्या साध्या आवृत्तीला १६५/८० आर १४ आणि वरच्या आवृत्तीला १८५/६५ आर १५ असे टायर होते. रुंदीत २० मिलिमीटरचा फरक, रिममध्ये एक इंचाचा. पण एकूण उंचीत जेमतेम २ मिलिमीटर. नाशिकला तयार होणाऱ्या २०२० नंतरच्या महिंद्र थारलाही कंपनीने दोन मापे दिली, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. उंचीतला फरक दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे चाक रुंद करणे हा गुन्हा नाही. ज्यांनी गाडी घडवली तेही ते करतात. फक्त ते करण्याआधी मोजतात.

घासते कुठे आणि का?

रुंद टायर दोन बाजूंना वाढतो, आत आणि बाहेर. १८५ ऐवजी २०५ घातला की दोन्ही बाजूंना १०-१० मिलिमीटर. आत शॉकअप आहे, ब्रेकची नळी आहे, प्लास्टिकचे अस्तर आहे. बाहेर मडगार्डची दुमडलेली कड आहे. इथपर्यंत सगळ्यांना कळते. घोटाळा होतो तो रिमच्या बाबतीत. रिमला रुंदी असते तशीच एक बैठकही असते. रिमची जी पाटी नट लावून तुंब्याला बसते, ती रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, त्या अंतराला तंत्रज्ञ ऑफसेट म्हणतात. रिमच्या आतल्या अंगाला ईटी ४५, ईटी ३५ असे कोरलेले असते ते हेच, मिलिमीटरमध्ये. हा आकडा जितका लहान, तितके चाक गाडीच्या बाहेर.

शब्द परका वाटला तरी कल्पना आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या वापरातली आहे. ट्रॅक्टरची मागची चाके उलटी करून बसवली की दोन चाकांमधले अंतर बदलते. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या ओळींच्या अंतराप्रमाणे ते कमीजास्त केले जाते. चाक तेच, टायर तोच, फक्त बैठक बदलली. ऑफसेट म्हणजे एवढेच. फरक इतका, की ट्रॅक्टर ते सोसेल अशा बेताने घडवलेला असतो; मोटार नसते.

आता हिशेब मांडू. मूळ रिम ६ इंच रुंद, ईटी ४५. नवी अलॉय ७ इंच रुंद, ईटी ३५. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेतेरा मिलिमीटर. ऑफसेट १० ने घटला, म्हणजे अख्खे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. परिणामी रिमची बाहेरची कड पावणेतेवीस मिलिमीटर बाहेर आली, आणि आतली कड तीनच मिलिमीटर आत गेली. मालक आत हात घालून पाहतो, शॉकअपपाशी जागा भरपूर आहे म्हणून खूश होतो. बाहेर जवळपास इंचभराने चाक मडगार्डच्या ओळीला भिडले आहे, हे त्याला भरल्या गाडीत कळते.

भरल्या गाडीत का? कारण चाक एका जागी स्थिर नसते. खड्ड्यात, गतिरोधकावर ते वर उचलले जाते. पुढची चाके त्याशिवाय डावी-उजवी वळतात. लहान मोटारीत पाच माणसे आणि सामान मिळून चारशे किलोंच्या आसपास ओझे सहज होते. स्प्रिंगा दबतात, मडगार्ड चाकावर उतरते. त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असेल आणि एक चाक गतिरोधकावर तिरके चढले, तर जागेची जी काही शिल्लक होती ती संपते. मग 'खर्रर्र' असा आवाज येतो. मागे बसलेली आजी विचारते, 'काय रे, काय वाजलं?' आणि चालवणारा नातू म्हणतो, 'काही नाही आजी, दगड लागला.'

दगड लागलेला नसतो. मडगार्डची कड टायरच्या खांद्यावर सुरीसारखी फिरलेली असते. टायरच्या माथ्यावर रबराचा जाड थर असतो; कुशीवर तो पातळ असतो आणि त्याच्या आत लगेच दोऱ्यांचे थर असतात. पाच-पन्नास वेळा असे घासले की दोरे उघडे पडतात, फुगा धरतो. विदर्भात चैत्रातले ऊन चाळिशीच्या पुढे जाते. सडक तापलेली, गाडी भरलेली, वेग वाढलेला. अशक्त झालेली कूस अशा वेळीच दगा देते.

कणकेची परीक्षा

मग उपाय काय? पहिला उपाय फुकटचा आहे. नवे चाक घेण्याआधी जुन्या चाकाभोवती किती जागा आहे ते मोजावे. यासाठी स्वयंपाकघरातली घट्ट मळलेली कणीक पुरते. कणकेचे लिंबाएवढे गोळे मडगार्डच्या आतल्या कडेला, वरच्या छताला आणि आत शॉकअपच्या बाजूला चिकटवावेत. गाडीत घरची पाच माणसे बसवावीत आणि मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश, स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून गाडी पुढे-मागे घ्यावी. एखाद्या गतिरोधकावरून तिरकी न्यावी. नंतर गोळे किती चेपले ते पाहावे. जिथे गोळा चेपून भाकरीएवढा पातळ झाला, तिथे नव्या चाकाला जागा नाही. नवी चाके बसवल्यावरही हीच परीक्षा घ्यावी, आणि टायरच्या खांद्यावर खडूची गोल रेघ ओढून ठेवावी. रेघ पुसली गेली तर चाक घासते आहे. कान बंद केले म्हणून ते थांबत नाही. मागच्या चाकांची परीक्षा घेताना माणसे मागेच बसवावीत, कारण भार तिथेच पडतो.

दुसरा उपाय दुकानदाराला प्रश्न विचारण्याचा. रिम किती रुंद? ईटी किती? मधले भोक गाडीच्या तुंब्यावर नेमके बसते की कडी घालावी लागेल? या टायरला ही रिम चालते का? अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो पोट सुटल्यासारखा फुगतो, आणि रुंद रिमवर अरुंद टायर ताणला जातो, दोन्ही वाईट. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको, वेगाचे अक्षर खालचे नको. जो दुकानदार या प्रश्नांनी वैतागतो त्याच्याकडून चाके घेऊ नयेत. आणि बिलावर टायर व रिमचे पूर्ण माप लिहून घ्यावे. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो. चाकांच्या बाबतीत एवढी भीड कशाची?

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण खरे नुकसान तिथे होते. चाक घासू लागले की ते बदलण्याऐवजी गाडी बदलण्याकडे कल असतो. कोणी मडगार्डची कड कापतो, कोणी ठोकून आत वळवतो. रंग उडतो आणि पहिल्या पावसात तिथे गंज धरतो. कोणी चाकामागे स्पेसरची जाड चकती घालतो. चाक आतून सुटते, पण बाहेर जाते आणि बेअरिंगवर व नटबोल्टवर ताण वाढतो. कोणी गाडी वर उचलून घेतो. घासणे थांबते, पण गाडीचे गुरुत्वकेंद्र वर जाते आणि वळणावर ती अधिक कलते. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपले शहाणपण सांगते. इथे पाय आधी पसरले जातात आणि मग अंथरूण फाडले जाते.

रुंद म्हणजे चांगले?

आणि इतके करून मिळते काय? कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर रुंद टायरची पकड वळणावर चांगली असते, हे खरे. पण पावसात साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगू लागतो. स्टिअरिंग जड होते, पेट्रोल अधिक लागते, आणि कुशीची उंची कमी झाल्याने खड्ड्याचा दणका रिमला आणि पाठीच्या मणक्याला थेट पोचतो. चिखलाबद्दल तर गैरसमजच फार. मऊ, खोल मातीत रुंद चाक भार पसरवते आणि कमी रुतते. ट्रॅक्टरची मागची चाके म्हणूनच रुंद. पण टणक रस्त्यावर वरवरचा राड असेल तर अरुंद चाक तो कापून खालच्या कठीण थराला धरते. आणि पावसाळ्यातली काळी माती खाचांत एकदा भरली की रुंद काय, अरुंद काय, सगळे टायर सारखेच गुळगुळीत.

ज्या जीपच्या थाटाची नक्कल या रुंद चाकांतून होते, ती दुसऱ्या महायुद्धातली मूळ विलीज जीप वाळवंटापासून बर्फापर्यंत फिरली ती ६ इंच रुंदीच्या टायरवर. आजच्या साध्या मोटारीचा टायरही त्याहून रुंद असतो. हवेचा टायर १८८८ मध्ये व्यवहारात आणला तो बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी. ते व्यवसायाने गुरांचे डॉक्टर होते आणि मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत एवढाच त्यांचा हेतू होता. दिखाव्याचा टायर ही फार नंतरची कल्पना. मूळ कल्पना होती लेकराला हादरे बसू नयेत, ही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब अधिक स्पष्ट केली. गाडी बाजारात येण्यापूर्वी तिची ठरावीक चाकांसह तपासणी होते; ती मंजुरी त्या मापांना असते, दुकानदाराच्या कल्पनेला नव्हे. म्हणून सर्वांत सुरक्षित वाट सोपी आहे. त्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीला कंपनीने जे माप दिले आहे, तिथपर्यंत जावे आणि थांबावे. मडगार्डच्या ओळीबाहेर आलेले चाक दंडाला तर आमंत्रण देतेच. अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला बोट ठेवायला जागाही देते. गाडी नटवण्याचा खर्च हजारांत असतो; नाकारलेला दावा लाखांत.

इथे केवळ मालकाला दोष देऊन भागणार नाही. जे विकले जाते ते विकत घेतले जाते. भर चौकातल्या दुकानांत मडगार्डबाहेर येणारी चाके उघडपणे बसवली जातात, आणि पकडला जातो तो रस्त्यावरचा मुलगा. परिवहन खात्याची तपासणी दुकानाच्या काउंटरपर्यंत पोचली पाहिजे. बिलावर माप आणि ऑफसेट लिहिणे सक्तीचे झाले तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. आणि मोठ्या यात्रांच्या वाहनतळांवर पावत्या फाडण्याऐवजी हवा तपासण्याची आणि टायरची कूस पाहण्याची सोय केली, तर लोक तिचे स्वागतच करतील. पाण्याची पाणपोई घालणारा समाज आपला. हवेची पाणपोई घालायला हरकत काय?

निघण्यापूर्वी

वाशिम जिल्ह्यातूनच ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीने वापरात आला. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. गावच्या रस्त्यावर ४० च्या वेगाने जे खपून गेले ते १२० ला खपत नाही. मानोऱ्याच्या वळणावर खरचटलेला टायर त्याच दिवशी परतीच्या वाटेवर महामार्गाला लागतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

म्हणून लांबच्या वाटेला निघण्यापूर्वी चार गोष्टी कराव्यात. चारही टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या कुशीवरून हात फिरवावा. आतली बाजू दिसत नाही म्हणून बहुधा राहते. चीर, फुगा किंवा गुळगुळीत चमकणारा पट्टा लागला तर त्या टायरवर जाऊ नये. माथ्यावरच्या खाचा मोटारीला किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात असा नियम आहे. हवा गाडी थंड असताना, सकाळी भरावी. चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या तक्त्यात भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. स्टेपनीची हवा पाहावी, आणि तिचे माप नव्या चाकांशी जुळते का तेही. आणि दुर्दैवाने धावत्या गाडीचा टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच गाडी कडेला घ्यावी. घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला हे आजच सांगून ठेवावे.

तांड्याचा नायक बैलांवर गोणी लादल्या की निघण्याआधी प्रत्येक बैलाची पाठ पाहत असेल, दोर चाचपत असेल. त्याला कायदा सांगायला कोणी आले नव्हते. बैल बसला तर तांडा थांबतो, एवढे त्याला ठाऊक होते. त्याच्या पणतवंडांच्या हाती आज शेकडो बैलांची ताकद असलेली गाडी आली आहे. ती अवश्य नटवावी, मिरवावी, चाकोरीबाहेरही न्यावी. फक्त आत कोण बसले आहे ते आठवून, आधी मोजून.